पेठेतल्या जुन्या घराचा दर्शनी भाग दुरुस्त करायचाय? परवानगीची वाट अशी आहे

गिलावा सुटलाय, सज्जाच्या फळ्या कुजल्यात, रस्त्याकडच्या खिडकीतून दर पावसाळ्यात पाणी आत येतं. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, शुक्रवार, पुण्यातल्या कुठल्याही पेठेतल्या जुन्या घराची ही नेहमीची दुखणी. साध्या इमारतीत अशा डागडुजीसाठी सहसा कुणाला विचारावं लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्येच तशी सूट आहे: घराच्या आतलं काम, किंवा बाहेरच्या रूपात फारसा फरक न पाडणारं काम परवानगीशिवाय करता येतं. पण त्याच तरतुदीत एक अपवाद आहे. इमारत वारसा यादीत असेल किंवा वारसा परिसरात असेल, तर ही सूट मिळत नाही. विकास नियमावलीतला वारसा जतनाचा नियम तर दुरुस्ती, गिलावा, रंगकाम आणि वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं यांचाही स्पष्ट उल्लेख करतो. म्हणजे भिंतीला रंग द्यायचा तरी आधी महापालिका आयुक्तांची लेखी परवानगी हवी.

हे वाचून बरेच जण दोनपैकी एक वाट धरतात. एक तर रात्रीतून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून मोकळे होतात, नाहीतर ‘नकोच ती भानगड’ म्हणून घर कुजू देतात. दोन्हींत वाडा जातो. माझं ठाम मत आहे की ही परवानगी मिळण्यासारखी असते, आणि ती कशावर मिळते हे समजून घेतलं तर फारशी अवघडही नसते. तुमच्या घराचं आज जे रूप आहे ते कागदावर जितकं नेमकं दाखवाल, तितका तुमचा प्रस्ताव भक्कम होतो. नवं काय हवं ते त्यानंतर मागायचं. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

आधी बघा, घर कोणत्या कक्षेत येतं

आर्किटेक्ट गाठण्याआधी हे स्वतः शोधा. मालमत्ता पत्रकावरचा सिटी सर्व्हे नंबर हाताशी घ्या आणि महापालिकेच्या हेरिटेज विभागात जाऊन यादीत तो आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका, लेखी अर्ज देऊन लेखी अभिप्राय घ्या. वाड्यांची नावं मालकाप्रमाणे बदलत गेलेली असतात, घर क्रमांकही बदललेले असतात. आजोबांच्या नावाने यादीत असलेलं घर नातवाच्या नावाने शोधलं तर सापडत नाही. सिटी सर्व्हे नंबर मात्र घोटाळा होऊ देत नाही. त्याच वेळी विकास आराखड्याचा अभिप्रायही मागा. तुमच्या दारावरून रस्तारुंदीची रेषा जाते का ते त्यात कळतं. ही रेषा का महत्त्वाची ते पुढे येईलच.

दुसरी कक्षा केंद्र सरकारची. शनिवारवाडा, जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेस ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. प्राचीन स्मारकं व पुरातत्त्वीय स्थळांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा ‘प्रतिबंधित’, आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा ‘विनियमित’. अंतर स्मारकाच्या मधल्या बिंदूपासून मोजत नाहीत, हद्दीपासून मोजतात. त्यामुळे शनिवारवाड्याच्या तटापासून बऱ्याच दूर असलेल्या गल्ल्याही या पट्ट्यात येतात. तुमचं घर महापालिकेच्या यादीत नसलं, अगदी कालपरवा बांधलेलं असलं, तरी हा नियम लागू होतो. मोबाइलच्या नकाशावर बोटाने अंतर मोजून निश्चिंत होऊ नका. सीमारेषेच्या आसपास असाल तर अधिकृत मोजणी करून घ्या.

प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही. पण १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं. इथे सगळा भार पुराव्यावर असतो. जुनी घरपट्टीची बिलं, मालमत्ता पत्रक, जुना मंजूर नकाशा, विजेचं जुनं बिल, जे असेल ते काढून ठेवा. घर १८८० सालचं आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं, पण १९९२ पूर्वीचा एक शिक्क्याचा कागद त्याहून जास्त उपयोगी पडतो.

कॅम्पातल्या बंगल्यांचा मामला वेगळा. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द आणि २००६ चा कॅन्टोन्मेंट कायदा, त्यामुळे इथे सांगितलेली महापालिकेची प्रक्रिया तशीच्या तशी चालत नाही.

श्रेणी काय सांगते

यादीत तीन श्रेणी आहेत. पहिलीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. त्यांत मजबुतीसाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठी अगदी गरजेचं तेवढंच काम करता येतं, आतही आणि बाहेरही. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या इमारती. तिथे आतले बदल आणि नवा वापर काटेकोर छाननीनंतर मान्य होऊ शकतो, पण दर्शनी रूप जपावंच लागतं. तिसरीत रस्त्याच्या, आळीच्या एकूण रूपाला महत्त्व देणारी घरं. त्यांत बाहेरचे बदल, अगदी वाढीव बांधकामही, मूळ इमारतीशी सुसंगत असेल तर होऊ शकतं. राहती घरं बहुतेक शेवटच्या दोन श्रेणींत असतात. तिसऱ्या श्रेणीतल्या घराचे मालक उगाच पहिल्या श्रेणीची भीती बाळगून असतात, असं मी फार वेळा पाहिलंय. म्हणून श्रेणी लेखी कळेपर्यंत कामाची यादीच करू नका.

मालकी आणि भाडेकरू

पुण्यात परवानगी अडते ती सर्वात जास्त इथे. मालमत्ता पत्रकावर पणजोबांचं नाव, वारस चौदा, दोघं अमेरिकेत, एक काकू बोलत नाहीत. अर्ज मालकाचा असावा लागतो आणि सहहिस्सेदारांची संमती नसेल तर एखाद्याची हरकत पूर्ण फाइल थांबवते. म्हणून नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद आधी करून घ्या. परदेशातल्या नातेवाइकांकडून कुलमुखत्यारपत्र किंवा संमतीपत्र मागवा. नात्यात तणाव असेल तर संमतीचा मजकूर अगदी आखूड ठेवा: ‘रस्त्याकडील दर्शनी भागाच्या दुरुस्तीस माझी हरकत नाही, याने माझ्या हिश्श्यावर परिणाम होत नाही.’ विकायला नको म्हणणारी माणसंही दुरुस्तीला सहसा हो म्हणतात, फक्त दोन्ही विषय एका कागदावर आणू नका.

भाडेकरूंना शेवटी सांगायचं, ही तर हमखास वाद ओढवून घेण्याची रीत. वाडा दुरुस्त करतायत म्हणजे आपल्याला बाहेर काढतायत, ही भीती पिढ्यान् पिढ्या पेठेत राहिलेल्या माणसाच्या मनात पहिली येते, आणि तिला कारणंही आहेत. काम कोणत्या भिंतीचं, किती दिवस कुणाची खिडकी बंद राहणार, कुणाला कुठे जावं लागणार का, हे लिहून त्यांना द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. मालक करत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करता येते आणि कायद्याच्या मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वारसा यादीतल्या घरात भाडेकरूनेसुद्धा परवानगीशिवाय खिडकी बदलू नये. नोटीस आली तर ती दोघांच्याही डोक्यावर येते.

आहे ते टिपून घ्या

या टप्प्याला घाई करू नका, पैसेही वाचवू नका.

फोटोंपासून सुरुवात करा. लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी दुकानं उघडण्याआधी, सकाळी लवकर जा. समोरच्या फुटपाथवरून, कॅमेरा सरळ धरून पूर्ण दर्शनी भाग, शेजारच्या दोन्ही घरांसह. मग एकेक भाग जवळून: दिंडी दरवाजा, जोत्याचे काळे दगड, प्रत्येक खिडकी, गज, तावदानं, सज्जा, त्याखालचे कोरीव हस्त (लाकडी आधार), महिरप, वासे, कौलं, पन्हळ. फोटोत मापाची पट्टी धरा. प्रत्येक खिडकीला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक नकाशात, फोटोंत आणि कामाच्या तपशिलात चालू ठेवा. ‘खिडकी क्र. ३, खालची पट्टी कुजलेली, वरची चौकट चांगली’ असं लिहिलं की समितीच्या सदस्याला जागेवर न येताही चित्र दिसतं.

घरातले जुने फोटो शोधा. मुंजीचे, लग्नाच्या वरातीचे, गणपती दारावरून जातानाचे. मागे दिसणारा सज्जा किंवा कठडा आज नसेल तर तो पुन्हा करायला हा फोटोच आधार. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर ज्या घरांत पाणी शिरलं, तिथल्या खालच्या मजल्याची भिंत नंतरची असण्याची शक्यता असते. तिचं वय ठरवूनच पुढे जा. नंतर भरलेली सिमेंटची भिंत काढायला समितीचा विरोध असण्याचं कारण नसतं, पण ती नंतरची आहे हे तुम्हाला दाखवावं लागतं.

मग मोजमापाचे नकाशे. आर्किटेक्ट जुन्या इमारतींवर काम केलेला घ्या. नव्या इमारतींत हात बसलेला माणूस दोन दिवसांत उंचीचा नकाशा (दर्शनी भागाचं समोरून दिसणारं रेखाटन) काढून देईल, पण त्यात सगळ्या खिडक्या एकसारख्या येतील, आणि वाड्यात त्या तशा नसतात. दर्शनी भाग १:५० प्रमाणात, खिडकी-दरवाजाचे बारकावे १:१० किंवा १:५ मध्ये घ्या. त्याबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल हवाच. तुळया आणि कडीपाट ठोकून, टोचून बघितलेले हवेत. रस्त्याकडच्या भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं सर्वात आधी कुजतात, आणि ती गिलाव्याआड असल्यामुळे दिसत नाहीत.

काय मागायचं, काय मागू नये

सूत्र एवढंच: टिकवता येईल ते दुरुस्त करा, टिकणार नाही तेवढंच बदला, आणि बदललेलं मूळ मापात, मूळ साहित्यात करा.

खिडकीची बहुधा खालची पट्टी कुजलेली असते. तेवढाच तुकडा कापून जुन्या सागवानाचा जोड देता येतो, पूर्ण चौकट काढायची गरज नसते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आणि पाडलेल्या वाड्यांचं साहित्य विकणाऱ्यांकडे जुनं सागवान मिळतं. नव्या कच्च्या लाकडापेक्षा ते कमी हलतं. आवाज आणि धूळ यांचा त्रास असेल, आणि पेठेत तो असतोच, तर लाकडी खिडकीच्या आतल्या बाजूने दुसरं काचेचं तावदान मागा. बाहेरून रूप तेच राहतं. दर्शनी बाजूला सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या मात्र मागूच नका.

गिलाव्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण नुकसान इथेच होतं. जुन्या विटा मऊ असतात आणि चुन्यात बांधलेल्या असतात. जोत्यातून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ही वाट बंद होते. ओल आतच साठते, मिठं फुटतात, विटा भुगा होतात आणि भिंतीतली तुळयांची टोकं कुजतात. बाहेरून दोन-चार वर्षं भिंत छान दिसते, मग मोठे पोपडे सुटून पडतात आणि त्यांच्याबरोबर विटांचा थरही जातो. म्हणून प्रस्तावात ‘मुरवलेल्या चुन्याचा गिलावा’ असं स्पष्ट लिहा, वाळूचं प्रमाण लिहा, आणि एका कोपऱ्यात नमुना करून दाखवायची तयारी ठेवा. जोत्याच्या दगडांच्या दरजाही चुन्यातच भरा. वरून प्लास्टिक पेंट नको, चुन्याचा रंग द्या, आणि छटा खरवडून सापडलेल्या जुन्या थरावरून ठरवा. लाकडाला गडद ऑइल पेंटऐवजी जवसाचं तेल.

छपराची कौलं काढून रंगीत पत्रे टाकायचा मोह मी समजू शकतो. माकडं, गळती, कौलं चाळायला माणूस न मिळणं, सगळं खरं. पण रस्त्यावरून दिसणाऱ्या उतारावर कौलंच ठेवा, हवं तर खाली पाणी अडवणारा थर घाला. तो बाहेरून दिसत नाही. पाण्याच्या टाक्या, सौर पॅनेल, एसीचे बाहेरचे युनिट मागच्या उतारावर किंवा वाड्याच्या आतल्या चौकात घ्या आणि नकाशात दाखवा. नाहीतर ‘नंतर कुठे लावणार’ अशी त्रुटी निघते. तळमजल्यावर दुकान असेल तर शटर आणि पाटी यांचाही विचार याच प्रस्तावात करा. पाटीसाठी आकाशचिन्ह विभागाचा वेगळा परवाना लागतो, तो हेरिटेजच्या परवानगीत धरलेला नसतो.

आता ती रस्तारुंदीची रेषा. दर्शनी भिंत या रेषेच्या पुढे येत असेल आणि तुम्ही ती पाडून पुन्हा बांधायची म्हटली, तर मागे सरकून जागा सोडावी लागू शकते. जागेवर दुरुस्ती केली तर तो प्रश्न उभा राहत नाही. जी भिंत ‘पाडून नवी बांधू, स्वस्त पडेल’ असं ठेकेदार सांगतो, तिच्याबद्दल हा हिशेब आधी करा.

लाकडाचं नवं कोरीव काम करायचं असेल तर विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू बघायला कारागिराला स्वतः घेऊन जा. सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलं, हस्त यांची प्रमाणं तिथे बघून तो जे शिकेल ते नकाशात सांगता येत नाही.

अर्ज

प्रस्ताव परवानाधारक आर्किटेक्टमार्फत बांधकाम विकास विभागाकडे जातो आणि हेरिटेजचा मुद्दा असल्यामुळे वारसा जतन समितीपुढे येतो. फाइलमध्ये हे असावं: मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत, चालू वर्षापर्यंत भरलेल्या मिळकतकराची पावती, जुना मंजूर नकाशा असल्यास तो, संमतीपत्रं, क्रमांकित फोटो, आहे तसे आणि प्रस्तावित असे दोन्ही उंचीचे नकाशे, इंजिनिअरचा अहवाल, आणि कामाचं निवेदन. पाडायचा भाग पिवळ्यात आणि नवा लाल रंगात दाखवायची पद्धत आहे. दुरुस्तीच्या प्रस्तावात पिवळं कमीत कमी दिसलं पाहिजे.

कामाचं निवेदन तीन-चार पानांचं पुरे. प्रत्येक भागासाठी तीन गोष्टी: स्थिती काय, कारण काय, उपाय काय. ‘आवश्यक ती दुरुस्ती करणे’ असलं वाक्य लिहू नका. त्याला कुणी मंजुरी दिली तरी पुढे जागेवर त्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा काढतो.

शनिवारवाडा किंवा पाताळेश्वराच्या पट्ट्यात असाल तर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडचा अर्ज वेगळा, आणि तो आधी करा. कायद्याने टप्पे ठरवून दिलेत: सक्षम अधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची, त्यानंतर एका महिन्यात निर्णय कळवायचा. कागद अपुरे असतील तर हे दिवस लांबतात. इथे परवानगीशिवाय काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

समितीपुढे

समितीत आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, इतिहासाचे जाणकार अशी माणसं असतात. समिती सल्ला देते, परवानगी आयुक्तांची. तो सल्ला बाजूला ठेवायचा तर आयुक्तांना कारणं लेखी नोंदवावी लागतात, म्हणून समितीचं मत जड असतं. जागेची पाहणी ठरली तर घरातलं एक जाणतं माणूस हजर ठेवा. कोणता भाग कधी दुरुस्त झाला हे त्यांनाच माहीत असतं. त्रुटी निघाली तर प्रत्येक मुद्द्याला वेगळं, क्रमांक देऊन उत्तर द्या आणि बदललेला नकाशा जोडा. एखादी सूचना पटली नाही तर कारणासह पर्याय द्या. ‘खर्च जास्त होतो’ हेही कारण आहे, पण दोन दरपत्रकं जोडून सांगा.

नगररचना अधिनियमात ६० दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मिळाल्याचं मानण्याची तरतूद आहे, पण काम नियमांत बसणारं असेल तरच. वारसा इमारतीत समितीचा सल्ला घेणं हा नियमाचाच भाग, तेव्हा या तरतुदीवर विसंबून परांची उभारू नका. नकार आला किंवा जाचक अट घातली गेली तर निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. बहुतेक वेळा मात्र सुधारित प्रस्ताव देणं लवकर मार्गी लागतं. वारसा नियमामुळे बांधकामाचे हक्क वापरता येत नसतील तर टीडीआरची (न वापरता आलेले हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची) तरतूदही नियमावलीत आहे. आर्किटेक्टला ते पहिल्याच भेटीत विचारा.

वाडा धोकादायक असेल तर

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस आली म्हणजे वाडा पाडायलाच हवा असं नाही. धोका कोणत्या भागाला आहे आणि दुरुस्तीने तो जातो का, हे इंजिनिअरच्या अहवालाने दाखवता येतं. नोटीस हातात पडताच त्या भागातली माणसं हलवा, टेकू द्या, फोटो काढा आणि या सगळ्याची लेखी माहिती त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयाला आणि हेरिटेज विभागाला द्या. जीव वाचवायला दिलेल्या टेकूवर कुणी आक्षेप घेत नाही. टेकूच्या नावाखाली सज्जा उतरवून विकला तर मात्र घेतील, आणि घ्यायलाच हवा.

काम चालू असताना

चुन्याचं काम पावसाळा संपल्यावर काढा. गणेशोत्सवात मध्यवर्ती रस्त्यांवर मांडव आणि गर्दी असल्याने साहित्याची गाडी आत येत नाही, रस्त्यावर परांचीही ठेवता येत नाही. दसऱ्यानंतर सुरुवात केली तर गिलाव्याला सावकाश सुकायला थंडीचे महिने मिळतात. फुटपाथवर परांची येणार असेल तर क्षेत्रीय कार्यालयाची वेगळी परवानगी घ्या. परवानगीची मुदत साधारण एक वर्षाची. संपण्याआधी मुदतवाढ मागा.

मंजूर नकाशाची प्रत जागेवर ठेवा आणि मुकादमाला समजावून सांगा. गिलावा काढल्यावर आत बुजवलेली खिडकी, जुनी महिरप किंवा चित्र निघालं तर तिथलं काम थांबवा, फोटो काढा, हेरिटेज विभागाला कळवा. इंजिनिअरने न धरलेली एखादी तुळई पूर्ण कुजलेली निघाली तरी तसंच. सुधारित नकाशा देऊन पुढे जा. मंजुरीबाहेरचं काम केलं तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली ते काढून टाकण्याची नोटीस येते आणि कलम ५२ खाली खटलाही होऊ शकतो.

काम झाल्यावर त्याच जागांवरून, त्याच क्रमांकांनी फोटो घ्या आणि पूर्णत्वाचा अर्ज करा. चुन्याचं प्रमाण, लाकूड कुठून आणलं, कारागीर कोण, कोणत्या खिडकीला कुठे जोड दिला, हे एका कागदावर लिहून फाइलला लावा. एक प्रत घरात, एक आर्किटेक्टकडे, आणि स्कॅन केलेली प्रत सगळ्या सहहिस्सेदारांना पाठवा. पुढच्या वेळी छपराचं काम निघेल तेव्हा मोजमापाचे नकाशे तयार असतील आणि नवा प्रस्ताव तिथूनच सुरू करता येईल.